जगज्जेत्याचा बाप काय करत होता?

वाचकहो, आमच्या बहिणीचा धाकटा मुलगा मोटार गॅरेजात कामाला आहे. दिवसभर हाताला ग्रीस आणि रविवारी संध्याकाळी मोबाईलवर मोटारींच्या शर्यती, असा त्याचा कार्यक्रम. मागे एकदा तो जेवायला आला होता. ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, हे फॉर्म्युला वनचे चॅम्पियन असतात ना, ते बापाच्या जिवावर होतात. बापाकडे पैसा, नाहीतर बापाचं नाव. आणि दोन्ही नसलं तर मग नुसतं नशीब. आपल्यासारख्याचं तिथं काय काम?" त्याची आई म्हणाली, "असं काही नसतं रे. अंगात असेल तर माणूस कुठूनही वर येतो." त्यावर पोरगा नुसता हसला. ते हसणे मला टोचले. एकवीस वर्षांच्या पोराने एवढ्या लवकर असे हसू नये. मला स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, पण त्या हसण्यापायी मी या शर्यतपटूंची माहिती जमवायला लागलो. जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. फॉर्म्युला वन म्हणजे एकाच माणसाला बसता येईल अशा, उघड्या चाकांच्या मोटारींची शर्यत. १९५० पासून तिची जागतिक स्पर्धा भरते. वर्षभर देशोदेशी शर्यती होतात, क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात आणि वर्षअखेर ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो जगज्जेता. २०२५ पर्यंत हा किताब ७६ वेळा दिला गेला आणि तो मिळवणारी माणसे फक्त ३५ झाली. या मोटारीत बसण्याची वाट लहानपणी सुरू होते. सहा-सात वर्षांची मुले कार्ट नावाच्या जमिनीलगतच्या छोट्या गाडीत बसतात, तिच्या शर्यती खेळतात, मग एकेक पायरी चढत मोठ्या मोटारीकडे जातात. प्रत्येक पायरीवर टायर, इंजिन, प्रवास आणि मेकॅनिकचा पगार, सगळे पदरचे. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वूल्फ यांनी काही वर्षांपूर्वी हिशेब मांडला होता. कार्टपासून फॉर्म्युला वनच्या दारापर्यंत एका मुलामागे ७० ते ८० लाख युरो. आपल्या रुपयांत हा आकडा कित्येक कोटींच्या घरात जातो. म्हणजे भाचा बरोबरच बोलत होता की काय, असे वाटायला लागले.

मग मी एक उद्योग केला. जगज्जेत्यांचे बाप काय काम करत होते ते एकेक करून शोधले.

या खेळात पहिला मोठा विक्रम अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फांजिओचा. १९५१ आणि १९५४ ते १९५७, असा पाच वेळा जगज्जेता. त्याचे वडील इटलीहून पोटासाठी बाल्कार्से नावाच्या गावी आलेले गवंडी. फांजिओने कोवळ्या वयात शाळा सोडली आणि गॅरेजात मेकॅनिकच्या हाताखाली लागला. त्याला शर्यतीची मोटार घ्यायला पैसे नव्हते तेव्हा गावच्या लोकांनी पैसे जमवून ती घेऊन दिली. पहिला किताब मिळाला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, शेवटचा मिळाला तेव्हा शेहेचाळीस. एवढ्या वयात जगज्जेता झालेला दुसरा माणूस अजून झालेला नाही.

फांजिओचा पाच किताबांचा विक्रम २००३ मध्ये मोडला तो जर्मनीच्या मायकेल शूमाकरने. त्याचेही वडील गवंडी! केर्पेन गावातल्या या गवंड्याने चार वर्षांच्या पोराच्या पायडलच्या गाडीला मोटारसायकलचे लहानसे इंजिन बसवून दिले. पोराने ती गाडी दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली. मग आईबापांनी त्याला कार्टच्या मैदानावर नेले, निदान तिथे खांब नव्हते. पुढे वडील गवंडीकाम सांभाळून त्या मैदानावर कार्ट भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे, असे दुसरे काम करू लागले. आई तिथल्याच कॅन्टीनमध्ये राबू लागली. श्रीमंतांच्या मुलांनी टाकून दिलेले टायर हा पोरगा वापरायचा. नव्या इंजिनासाठी घरात पैसे नव्हते, ते गावातल्या व्यापाऱ्यांनी दिले. याच शूमाकरने पुढे सात किताब घेतले.

शूमाकरच्या घरच्या त्या केर्पेनच्या मैदानावर आणखी एक मुलगा कार्टच्या शर्यती जिंकून शूमाकरच्या हातून बक्षिसे घेत असे. सेबॅस्टियन फेटेल. त्याचे वडील सुतार. २०१० ते २०१३ असा सलग चार वर्षे तो जगज्जेता होता. या फेटेलचे नाव आपल्याकडच्या काही वाचकांना आठवत असेल. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा इथे, गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट नावाचा ट्रॅक बांधला आहे. तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वर्षे ती या सुताराच्या मुलाने जिंकली. तथागतांचे नाव धारण केलेल्या त्या रस्त्यावरच त्याचा चौथा किताब पक्का झाला. शर्यत संपल्यावर तो मोटारीतून उतरला आणि मोटारीसमोर गुडघे टेकून वाकला.

स्पेनचा फर्नांडो अलोन्सो दोनदा जगज्जेता. वडील स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यात कामगार, आई दुकानात नोकरीला. फिनलंडचा किमी रायकोनेन, २००७ चा जगज्जेता. वडील रस्ते बांधण्याच्या कामावर. आईबापांनी घरातल्या सोयी मागे ठेवल्या आणि पैसा पोरांच्या कार्टकडे वळवला.

यात ज्याच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे तो लुईस हॅमिल्टन मिळवला की सहा माणसे होतात. मी बोटांवर मोजले. ७६ किताबांपैकी २६ किताब या सहा कामकरी घरांत गेले आहेत. आणि सर्वाधिक किताबांचा विक्रम १९५५ पासून आजतागायत गवंड्याच्या किंवा कामगाराच्या मुलाच्याच नावावर आहे. हे मी भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो पलीकडे गप्प झाला. पण मग म्हणाला, "आणि बाकीचे पन्नास, मामा?"

प्रश्न रास्त आहे. बाकीच्यांत खाऊन-पिऊन सुखी घरची मुले पुष्कळ आहेत. ब्राझीलचा आयर्टन सेना सधन घरातला. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा तर नामांकित श्रीमंत घराण्यातला, पण त्याच्या आजोबांना मोटारींचा हा नाद पसंत नव्हता. नातवाला मिळणारी बँकेची मदत त्यांनी अडवली, तेव्हा त्याने स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढून मोटारीची जागा मिळवली. २०२५ चा जगज्जेता, इंग्लंडचा लँडो नॉरिस, हाही गडगंज बापाचा मुलगा. तो मेहनती आहे, जिंकलाही केवळ दोन गुणांच्या फरकाने, त्याचे श्रेय त्याच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. पण नॉरिससारख्या मुलाला आपल्या अंगात काय आहे ते अजमावून बघता येते. पहिल्या वर्षी हरला तरी दुसऱ्या वर्षी गाडी असते. गवंड्याच्या मुलाला तेवढी सवड कोण देणार?

नुसत्या पैशाने मात्र किताब मिळत नाही, हेही तितकेच खरे. विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया हा संघ २०१८ मध्ये कर्जात बुडाला तेव्हा तो लॉरेन्स स्ट्रोल या कॅनडाच्या अब्जाधीशाच्या गटाने विकत घेतला. त्यांचा मुलगा लान्स २०१९ पासून त्याच संघात मोटार चालवतो. पोरगा अगदीच सामान्य नाही, तीनदा पहिल्या तिघांत आला आहे. पण २०२५ चा हंगाम संपेपर्यंत त्याला एकही शर्यत जिंकता आलेली नव्हती. बापाने संघ दिला, विजय देता आला नाही.

आणि नाव? "खाण तशी माती" असे आपण सहज म्हणून जातो. पण पाऊणशे वर्षांत जगज्जेत्याचा मुलगा जगज्जेता झाल्याचे फक्त दोनदा घडले आहे. केके रोसबर्गचा मुलगा निको २०१६ मध्ये आणि ग्रॅहम हिलचा मुलगा डेमन १९९६ मध्ये. सात किताबवाल्या शूमाकरचा मुलगा मिक दोन वर्षे या शर्यतीत होता, एकदाही पहिल्या तिघांत आला नाही. मारिओ आंद्रेत्ती, नेल्सन पिके, जॅक ब्रॅबहम या जगज्जेत्यांच्या मुलांनीही हात मारून पाहिला, एकालाही फॉर्म्युला वनची एक शर्यत जिंकता आली नाही.

त्यातही डेमन हिलची गोष्ट वेगळी आहे. तो पंधरा वर्षांचा असताना, १९७५ मध्ये, त्याचे वडील स्वतः चालवत असलेल्या विमानाला अपघात होऊन गेले. बरोबरची पाच माणसेही गेली. विमानाचा विमा लागू पडला नाही. त्या कुटुंबांची भरपाई करता करता हिल कुटुंबाची घडी विस्कटली. जगज्जेत्याच्या या मुलाने बांधकामावर मजुरी केली, लंडनमध्ये मोटारसायकलवरून टपाल पोचवले. फॉर्म्युला वनच्या मोटारीत बसायला त्याला एकतिसावे वर्ष उजाडावे लागले. नाव होते म्हणून लोक ओळखत होते, दार ठोठावले तर कोणी तरी उघडून बघत होते. एवढेच नावाचे मोल. पण ते मोलही थोडे नाही, हे पुढच्या गोष्टीवरून कळेल.

लुईस हॅमिल्टनचा जन्म १९८५ चा, लंडनच्या उत्तरेला असलेल्या स्टिव्हनेज गावातला. वडील अँथनी कृष्णवर्णीय, त्यांचे आईबाप वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून इंग्लंडमध्ये आलेले. आई गोरी. लुईस दोन वर्षांचा असताना आईबाप वेगळे झाले. बारा वर्षांचा होईपर्यंत तो आईकडे वाढला, मग वडिलांकडे आला. शाळेत पोरे छळायची म्हणून पाचव्या वर्षीच तो कराटे शिकू लागला होता. त्याच सुमारास वडिलांनी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार आणून दिली. त्या मोटारींच्या शर्यतीत हा एवढासा पोरगा मोठ्या माणसांशी खेळला आणि राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला. अँथनींनी ओळखले, पोराच्या हातात काही तरी आहे. नाताळात त्यांनी त्याला कार्ट घेऊन दिली आणि अट घातली की अभ्यास नीट केलास तरच शर्यत.

अँथनी ब्रिटिश रेल्वेत संगणक विभागात नोकरीला होते. मुलाच्या शर्यतींना वेळ देता यावा म्हणून त्यांनी ती कायमची नोकरी सोडली आणि कंत्राटावर कामे घेऊ लागले. एका वेळी तीन-तीन, चार-चार कामे. खिडक्यांच्या दुहेरी काचा दारोदार विकल्या, हॉटेलात भांडी घासली, घरे विकणाऱ्या दलालांच्या पाट्या रस्तोरस्ती ठोकल्या. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी तेच मुलाचे मेकॅनिक. लुईसने सांगितले आहे की वडील मैदानाच्या वळणावर जाऊन उभे राहायचे, सर्वांत तरबेज मुलगा कुठे ब्रेक दाबतो ते बघायचे आणि मग त्याच्याही पुढे उभे राहून सांगायचे, तू इथे दाब. शिकवणी लावायला पैसे नव्हते, बापाने आपले डोळेच शिकवणीला लावले. घरात आणखी एक लेकरू होते, लुईसचा सावत्र भाऊ निकोलस. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, चालता येणे कठीण. तोही प्रत्येक शर्यतीला हजर असायचा. पुढे हा निकोलसही खास बदल केलेल्या मोटारीत बसून शर्यतपटू झाला.

कार्टच्या मैदानावर काळे कुटुंब बहुधा हे एकटेच. टोमणे व्हायचे. बापाचे सांगणे एकच, तोंडाने उत्तर देऊ नकोस, मैदानावर दे. या सांगण्याविषयी माझ्या मनात दोन विचार आहेत. पोराचे लक्ष कामावर राहावे म्हणून ते शहाणपणाचे होते. पण प्रत्येक अपमानाचे उत्तर पहिला येऊनच द्यायचे, हे ओझे आठ वर्षांच्या लेकराने का वाहावे? दुसरा आला तर अपमान खरा ठरतो का? गोऱ्या मुलांना दुसरे, चौथे, दहावे येण्याची मुभा होती. याला नव्हती.

१९९५ च्या डिसेंबरात, दहा वर्षांचा लुईस कार्टचा ब्रिटिश विजेता म्हणून एका बक्षीस समारंभाला गेला. तिथे मॅक्लारेन संघाचे प्रमुख रॉन डेनिस होते. पोरगा सरळ त्यांच्यापुढे गेला, सही मागितली आणि एक दिवस मला तुमची मोटार चालवायची आहे असे सांगून मोकळा झाला. डेनिसनी त्याच्या वहीत लिहून दिले की नऊ वर्षांनी फोन कर. नऊ वर्षे लागली नाहीत. १९९८ मध्ये डेनिस यांच्याकडूनच बोलावणे आले आणि तेरा वर्षांच्या लुईसच्या शर्यतींचा खर्च मॅक्लारेनने उचलला.

इथे क्षणभर थांबू. समजा तो खर्च कोणी उचलला नसता. मुलगा तोच, हात तेच, बापाची चार कामे तीच. माझ्या समजुतीप्रमाणे गाडी तिथेच थांबली असती. भांडी घासून कार्टचे टायर येतात, मोठ्या मोटारीचा हंगाम येत नाही. आई-बाप दारापर्यंत नेतात. दाराची कडी आतून असते. ती कोणी तरी काढावी लागते, आणि कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारा माणूस क्वचितच आपल्या ओळखीचा असतो. "अंगात असेल तर कुठूनही वर येतो" या बहिणीच्या बोलण्यात एवढीच भर मला घालावीशी वाटते.

२००७ मध्ये लुईस फॉर्म्युला वनमधला पहिला कृष्णवर्णीय चालक झाला. २००८ मध्ये जगज्जेता झाला आणि २०२० पर्यंत शूमाकरच्या सात किताबांची बरोबरी केली. बाप-लेकाचे मात्र मध्यंतरी फाटले. वडील त्याचे मॅनेजरही होते, २०१० मध्ये ते काम लेकाने त्यांच्याकडून काढून घेतले. ज्याने आयुष्य ओतले त्याला असे दूर होताना काय वाटले असेल हे अँथनीच जाणोत. नंतर दोघे पुन्हा जवळ आले, शर्यतींना बापाला मिठी मारताना लुईस दिसू लागला.

बापांचा विषय निघाला आहे तर आणखी एक. नेदरलँड्सचा मॅक्स फेर्स्टाप्पेन २०२१ ते २०२४ असा चार वर्षे जगज्जेता. वडील योस स्वतः फॉर्म्युला वनमधले, आई सोफी कार्टच्या शर्यतीत नाव कमावलेली. घराणे म्हणावे तर हे. पण मॅक्स चौदा वर्षांचा असताना इटलीतली एक शर्यत त्याने उतावळेपणाने घालवली, तेव्हा परतीच्या वाटेवर बापाने त्याला पेट्रोल पंपावर उतरवले आणि गाडी पुढे नेली. थोड्या वेळाने परत येऊन घेतले. ही हकीकत बाप-लेकांनी स्वतःच जगाला सांगितली आहे आणि त्यानेच पोरगा घडला असे मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. असे उतरवलेले आणि चॅम्पियन न झालेले किती असतील? त्यांच्या मुलाखती कोण घेणार?

आता नशीब. हा शब्द मला आवडत नाही, योगायोग म्हणू. तो या खेळात ठायी ठायी आहे. शूमाकरला १९९१ मध्ये पहिली संधी मिळाली ती जॉर्डन संघाचा बर्ट्रांड गाशो नावाचा चालक लंडनमध्ये टॅक्सीवाल्याच्या तोंडावर अश्रुधूर मारल्याबद्दल तुरुंगात गेला म्हणून. जागा रिकामी झाली. शूमाकरने बेल्जियमचा तो ट्रॅक कधी चालवला नव्हता, आदल्या दिवशी सायकलवरून फिरून पाहून घेतला आणि वेळेच्या कसोटीत सातवा आला. शर्यतीत पहिल्याच फेरीत क्लच गेला. पण बघणाऱ्यांनी बघितले होते, पुढच्या शर्यतीला त्याच्याकडे दुसऱ्या संघाची मोटार होती.

लुईसचा २००८ चा पहिला किताब तर शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या काही वळणांवर पक्का झाला. ब्राझीलमधली शर्यत फेलिपे मासाने जिंकली होती, काही सेकंद तोच जगज्जेता होता, त्याच्या घरच्यांनी उड्याही मारल्या. तेवढ्यात भर पावसात कोरड्या रस्त्याचे टायर लावून घसरत चाललेल्या टिमो ग्लॉकला लुईसने मागे टाकले आणि एका गुणाने किताब फिरला. पुढे १२ डिसेंबर २०२१ रोजी अबुधाबीत तेच त्याच्यावर उलटले. लुईस आरामात पुढे होता, आठवा किताब पाच-सहा फेऱ्यांवर आला होता. मागे कोणाची तरी मोटार भिंतीवर आदळली, सगळ्यांना सेफ्टी कारच्या मागे हळू चालावे लागले आणि नियम वाकवून शेवटची एकच फेरी मोकळी सोडली गेली. मॅक्सच्या मोटारीला नवे टायर होते, त्याने लुईसला गाठले. शर्यत चालवणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे ते पद सोडावे लागले. किताब मात्र बदलला नाही. कडू घोट गिळून लुईस मॅक्सचे अभिनंदन करायला गेला आणि त्याच्या मागोमाग अँथनीही गेले, योसशी हस्तांदोलन करायला.

योगायोग आज देतो, उद्या नेतो. मात्र तो ज्याच्याजवळून जातो तो माणूस आधी रांगेत उभा असावा लागतो. ज्याला रांगेतच येऊ दिले नाही त्याच्याबाबत काय म्हणायचे? त्यासाठी अमेरिकेच्या वेन्डेल स्कॉटकडे यावे लागेल.

व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा हा काळा माणूस. जन्म १९२१. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मोटारी दुरुस्त केल्या, परत येऊन टॅक्सी चालवली, गॅरेज टाकले, आणि खरे सांगायचे तर हातभट्टीच्या दारूच्या बाटल्या रात्री भरधाव पोचवायचे कामही केले. १९५० च्या सुमारास तिथे शर्यती भरवणाऱ्यांना गर्दी खेचायला एखादा काळा चालक हवा होता, तमाशा म्हणून. त्यांनी पोलिसांनाच विचारले, तुम्हाला पळवणाऱ्यांत सर्वांत तेज कोण? पोलिसांनी स्कॉटचे नाव सांगितले. असा तो शर्यतीत आला. जुने इंजिन, जुने भाग, मेकॅनिक म्हणून स्वतःची मुले. कुठे खाणावळीत घेत नसत, कुठे राहायला जागा देत नसत.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातले जॅक्सनव्हिल. नॅसकार या अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेतली शर्यत. स्कॉट जिंकला. थोडाथोडका नाही, दोन फेऱ्यांनी पुढे होता. पण शर्यत संपल्याचे निशाण त्याच्यासाठी हललेच नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजेता ठरवून करंडक देण्यात आला. काही तासांनी प्रेक्षक घरी गेल्यावर मोजण्यात चूक झाली असे सांगून स्कॉट विजेता असल्याचे मान्य केले गेले. करंडक तर बेकर घेऊन गेला होता. स्कॉट १९९० मध्ये वारला तोपर्यंत त्याला तो मिळाला नाही. नॅसकारने त्याच्या विजयाचा करंडक त्याच्या मुलाबाळांच्या हाती दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. सत्तावन्न वर्षे उलटून गेली होती. त्या स्पर्धेत दुसरा काळा चालक जिंकला तोही त्याच वर्षी, ऑक्टोबरात, बब्बा वॉलेस.

स्कॉटच्या अंगात गुण नव्हता असे कोण म्हणेल? दोन फेऱ्या! घरचे पाठीशी नव्हते? अख्खे घर त्याच्या मोटारीखाली होते. त्या दिवशी योगायोगही त्याच्या बाजूने होता. एवढे सगळे असून निशाण हलवणारा हात दुसऱ्याचा होता.

मुलींच्या वाट्याला तर ही रांगसुद्धा येत नाही. अलोन्सोच्या वडिलांनी बनवलेली पहिली कार्ट मुळात फर्नांडोसाठी नव्हती, त्याच्या मोठ्या बहिणीसाठी होती. तिला गोडी लागली नाही म्हणून ती तीन वर्षांच्या भावाकडे आली. मुलीसाठी कार्ट बनवणारा तो कामगार बाप मला फार आवडला. १९५० पासून आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गुण मिळवणारी एकच बाई आहे, इटलीची लेल्ला लोंबार्डी. खाटकाची मुलगी, वडिलांच्या दुकानाची गाडी चालवता चालवता वेगाच्या प्रेमात पडलेली. १९७५ च्या स्पॅनिश शर्यतीत ती सहावी आली. भीषण अपघातामुळे शर्यत मध्येच थांबवली होती, म्हणून एका गुणाऐवजी अर्धाच गुण मिळाला. पाऊणशे वर्षांत बायकांच्या खात्यावर एवढा अर्धा गुण.

आणि आज? लुईसनेच २०२१ मध्ये सांगितले की हा खेळ आता अब्जाधीशांच्या मुलांचा अड्डा झाला आहे, आपल्यासारख्या कामकरी घरातला मुलगा आज सुरुवात करील तर इथवर पोचणार नाही. म्हणजे सात वेळा जिंकलेला माणूसच म्हणतो आहे की मी आलो ती वाट आता बुजली. तो नुसता बोलून थांबला नाही. रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग या संस्थेला घेऊन त्याने एक आयोग नेमला. या खेळात काळी माणसे इतकी कमी का, याचा अहवाल जुलै २०२१ मध्ये बाहेर आला. त्यात चालकांपेक्षा मोटारी बनवणाऱ्यांचा विचार अधिक आहे. संघ ठराविक मोजक्या विद्यापीठांतूनच माणसे घेतात, शाळेत काळ्या मुलांकडून अपेक्षाच ठेवल्या जात नाहीत, अशा गोष्टी त्यात कारणांसकट मांडल्या आहेत. मिशन ४४ नावाची संस्था काढून त्याने स्वतःचा पैसाही त्यात घातला. ४४ हा त्याच्या मोटारीचा क्रमांक, कार्टच्या दिवसांपासूनचा.

हे सगळे मी भाच्याला पुन्हा जेवायला बोलावून सांगितले. फांजिओच्या गावकऱ्यांनी मोटार घेऊन दिली हे ऐकून तो खूश झाला. स्कॉटच्या गोष्टीला त्याने हातातला घास तसाच धरून ठेवला. बहीण म्हणाली, "बघ, मी म्हणत होते." पण तीही पूर्वीइतक्या ठामपणे बोलली नाही.

मग त्याने मोबाईल काढून मला एक चित्रफीत दाखवली. २०२३ ची कतारची शर्यत. मोटार येऊन थांबते, वीस-बावीस माणसे तिच्यावर तुटून पडतात, चारही चाके बदलतात आणि मोटार निघून जाते. १.८० सेकंद. मी तीनदा पाहिली तरी कोणाचा हात कुठे गेला ते कळले नाही. "मामा," तो म्हणाला, "चालवणारे प्रत्येक संघात दोनच. ही बाकीची माणसं कुठून येतात? यांना काय शिकावं लागतं?"

ते मला ठाऊक नव्हते. ज्या वाचकांचे कोणी परदेशात मोटारींच्या कारखान्यात किंवा शर्यतीच्या संघात कामाला असेल त्यांनी या पानाच्या पत्त्यावर कळवावे. पोरगा वाट बघतो आहे.